राजाश्रय, अनुदान आणि आमची मराठी

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आम्हालाही आनंद झाला. पेढे वाटणाऱ्यांत आम्हीही होतो. मात्र पेढा हातात घेताना काहींच्या चेहऱ्यावर एक प्रश्न दिसला, 'तुम्हाला कशाचा आनंद?' तोंडाने कुणी विचारले नाही, पण हा प्रश्न आमच्या ओळखीचा आहे. आम्ही मराठीत बोललो की समोरचा म्हणतो, 'अरे वा, तुमची मराठी फार छान आहे हो!' जणू काही आम्ही दुसऱ्याच्या घरातली वस्तू नीट हाताळली! आमची आजी ज्या भाषेत जात्यावर ओव्या म्हणत होती, ती भाषा छान बोलल्याबद्दल आमचे कौतुक होते. हे कौतुक ऐकून ऐकून आम्ही आता थकलो आहोत.

परंतु हा केवळ चेहऱ्यावरच्या प्रश्नाचा मामला असता, तर आम्ही या वार्षिकाची पाने खर्ची घातली नसती. हाच प्रश्न शासनाच्या धोरणात, फायलीत आणि अनुदानाच्या नियमांत जाऊन बसला आहे. दुखणे तिथे आहे आणि त्याबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा मित्रांनी मिळून आपल्या भागातील मुस्लिम मराठी कवींच्या कवितांचा एक संग्रह तयार केला. त्यांत शिक्षक होते, एस.टी.तले वाहक होते, यंत्रमागावर काम करणारे होते, दोन भगिनीही होत्या. छपाईसाठी मदत मिळेल म्हणून आम्ही एका सरकारी कार्यालयात गेलो. साहेब सभ्य होते. त्यांनी चहा पाजला. हस्तलिखितावरची नावे वाचली आणि आत एकही कविता न वाचता म्हणाले, 'तुमच्यासाठी उर्दूचं वेगळं खातं आहे ना! तिकडे का नाही जात?' आम्ही म्हणालो, साहेब, कविता मराठीत आहेत. ते म्हणाले, 'हो, पण विषय अल्पसंख्याकांचा आहे.' मग आम्ही अल्पसंख्याकांची कामे पाहणाऱ्या दुसऱ्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूंनी पुस्तक उलटेपालटे करून पाहिले आणि विचारले, 'किताब मराठी में है क्या? फिर तो ये मराठीवालों का काम है.' अर्ज फिरत राहिला. शेवटी आम्ही वर्गणी काढून पुस्तक छापले. पाचशे प्रती काढल्या. पैकी दीडशे अजून आमच्या एका मित्राच्या माळ्यावर आहेत.

त्या अर्जाचा कागद आम्ही जपून ठेवला आहे. त्यावर 'अर्ज', 'दाखल', 'तारीख', 'रक्कम', 'नामंजूर' असे शब्द आहेत. यातला प्रत्येक शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला आणि मराठीच होऊन गेला. 'कागद'सुद्धा तसाच आला. माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश काढला, तो काही उगाच नव्हे. म्हणजे आम्हाला मराठीतून बाहेर काढणारा शेराही आमच्या पूर्वजांच्या शब्दांवाचून लिहिता येत नाही. शब्दांना मराठीत घर मिळाले, माणसांची मात्र अजून चौकशीच चालू आहे.

हे एका साहेबांच्या अज्ञानाचे प्रकरण असते तर आम्ही हसून सोडून दिले असते. पण त्या साहेबांचे काय चुकले? त्यांनी धोरणात जे आहे तेच केले. शासनाच्या कपाटात दोन कप्पे आहेत. एका कप्प्यावर 'मराठी' लिहिले आहे आणि दुसऱ्यावर 'उर्दू, अल्पसंख्याक' असे लिहिले आहे. मुस्लिम म्हटला की तो दुसऱ्या कप्प्यात जायचा. तो मराठीत लिहितो, ही शक्यताच कपाट बनवणाऱ्या सुताराच्या डोक्यात नव्हती.

आकडे मात्र वेगळे सांगतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुस्लिमांची संख्या सुमारे १ कोटी ३० लाख, म्हणजे साडेअकरा टक्के होती. त्याच जनगणनेत उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख होते. हे सगळेच्या सगळे मुस्लिम धरले तरी पन्नास लाखांहून अधिक मुस्लिमांनी उर्दूखेरीज दुसरी मातृभाषा सांगितली आहे. त्यांत हिंदी, गुजराती, बंगाली बोलणारे आहेत, हे आम्ही लपवत नाही. पण कोकणातला मुसलमान आहे, पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यातला मुलाणी, आतार, तांबोळी, पिंजारी आहे, विदर्भ-मराठवाड्यातला शेतमजूर आहे. ज्यांनी उर्दू लिहून दिली, त्यांचीही लाखो मुले मराठी शाळेत शिकतात, सातबारा मराठीत वाचतात, बाजारात मराठीत भांडतात. एवढ्या माणसांसाठी सांस्कृतिक धोरणात एकही स्पष्ट ओळ नसावी?

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उर्दूशी आमचे भांडण नाही. महाराष्ट्रात १९७५ साली उर्दू साहित्य अकादमी स्थापन झाली, पुढे नांदेड, मालेगाव, सोलापूर या शहरांत उर्दू घरे उभी राहिली, याचा आम्हाला आनंदच आहे. उर्दूला मिळते त्यातला एक पैसाही आम्हाला नको. आमचे म्हणणे एवढेच आहे, की उर्दूला दिले म्हणजे मुसलमानाला दिले आणि मुसलमानाला दिले म्हणजे उर्दूला दिले, हे समीकरण खोटे आहे. या समीकरणाने उर्दू एका धर्माला बांधली जाते आणि मराठी दुसऱ्या धर्माला. दोन्ही भाषांचा त्यात तोटा आहे.

आता मराठीच्या कप्प्याकडे पाहू. १९६० साली राज्य झाले आणि त्याच वर्षी यशवंतराव चव्हाणांनी साहित्य संस्कृती मंडळ स्थापन केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले अध्यक्ष झाले. विश्वकोशाचे काम सुरू झाले. १९९२ मध्ये राज्य मराठी विकास संस्था आली. या संस्थांनी मोठी कामे केली, आणि मुस्लिम संतकवींना त्यांनी कधी हातच लावला नाही, असाही आमचा आरोप नाही. आमचा आरोप असा आहे, की हे काम कुणा एका अभ्यासकाच्या आवडीवर सोडले गेले, ते संस्थेची जबाबदारी कधी झाले नाही.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचेच पाहा. 'योगसंग्राम' लिहिणारा हा कवी. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांनी त्यांना गुरुस्थानी मानले अशी परंपरा सांगते. त्यांचे साहित्य शोधून छापले ते वा. सी. बेंद्रे यांनी. 'मुसलमान मराठी संतकवी' हे पुस्तक १९६७ साली लिहिले ते रा. चिं. ढेरे यांनी. यू. म. पठाण यांनी आयुष्यभर संतसाहित्याची हस्तलिखिते धुंडाळली. या तिघांचे ऋण आम्ही मान्य करतो. पण प्रश्न असा, की बेंद्रे आणि ढेरे नसते तर? 'सिद्धसंकेतप्रबंध' लिहिणारे शहा मुंतोजी, गीतेवर 'अंबरहुसेनी' टीका लिहिणारे हुसेन अंबरखान, हे आज कुणाला माहीत असते? एका माणसाने आपली हाडे झिजवावीत तेव्हा एक परंपरा वाचावी, आणि तो माणूस गेला की काम थांबावे, याला आम्ही धोरण म्हणत नाही.

अभिजात दर्जासाठी मराठीचे प्राचीनत्व सिद्ध करावे लागले. शिलालेख पुढे आले, गाथासप्तशती पुढे आली. उत्तम झाले. आता या दर्जामुळे संशोधन, अनुवाद, हस्तलिखितांचे जतन यासाठी पैसा येईल असे सांगितले जाते. तेव्हा आजच विचारले पाहिजे, या अभिजात मराठीत शेख महंमद आहेत की नाहीत? की ते 'सलोखा सप्ताहा'त एक दिवस आठवायचे आणि बाकी वर्षभर विसरायचे? आमचे संत सलोख्याची उदाहरणे म्हणून जन्माला आले नव्हते. ते कवी होते. त्यांना कवी म्हणून वाचा.

शासनाच्या खर्चाची रीतही पाहिली पाहिजे. आमच्याकडे संस्कृती म्हणजे सोहळा! मंडप, व्यासपीठ, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि मंत्रिमहोदयांचे भाषण. अखिल भारतीय साहित्य संमेलनाला शासन मदत करते, आणि वर्ध्याच्या २०२३ च्या संमेलनापासून ही मदत दोन कोटी रुपयांवर गेली. संमेलने व्हावीत, लोक जमावेत, पुस्तके विकली जावीत, याला आमचा विरोध नाही. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आम्हालाही तिथे पहिल्यांदा कळले की आपण एकटे नाही. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण होते. संमेलनाची किंमत आम्ही जाणतो. परंतु तीन दिवसांच्या मंडपाला कोटी आणि तीनशे वर्षांच्या हस्तलिखिताला वाळवी, ही वाटणी कुठल्या शहाणपणात बसते? मंडप चौथ्या दिवशी उतरतो. ग्रंथालय, कोश, संपादित आवृत्ती, अभ्यासवृत्ती या गोष्टी पन्नास वर्षे राहतात. पण त्यांचे उद्घाटन करताना फोटो चांगला येत नाही, हीच त्यांची अडचण.

विज्ञान-तंत्रज्ञानाचा विषय इथे वेगळा नाही. जुन्या हस्तलिखिताची शाई, कागद, काळ ठरवणे हे विज्ञानाचेच काम आहे. मोडी आणि फारसी या दोन्ही लिप्या वाचणारा, शिवाय संगणक जाणणारा तरुण संशोधक तयार व्हायला दहा वर्षे लागतात. तो कशावर जगणार? अल्पसंख्याक समाजातल्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी २००९ साली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली होती. कारखान्यात काम करणाऱ्या बापाची मुलगी रसायनशास्त्रात पीएच.डी. करू शकली, ती अशा वृत्तीच्या बळावर. २०२२-२३ पासून केंद्राने ती बंद केली. कारण काय? तर इतर योजनांशी ती सारखी आहे. मागासवर्गीयांच्या यादीत ज्यांची जात आहे, त्यांना दुसरे दार असेल. ज्या मुस्लिमांचे नाव त्या यादीत नाही पण घरात दारिद्र्य आहे, त्यांनी कुठे जावे? २००६ मध्ये सच्चर समितीने आमच्या शिक्षणाचे चित्र देशापुढे मांडले. त्यावर उपाय म्हणून जे थोडे सुरू झाले, तेही मोजून मोजून मागे घेतले जात आहे.

तंत्रज्ञानाचे नवे युग तर आणखी वेगाने येत आहे. भारतीय भाषांसाठी केंद्राने २०२२ मध्ये 'भाषिणी' हा प्रकल्प सुरू केला. यंत्राने मराठी ऐकावी, बोलावी, भाषांतर करावी यासाठी सरकारी पैसा खर्च होत आहे. चांगली गोष्ट आहे. पण यंत्राला मराठी शिकवताना कुणाची मराठी शिकवणार? रत्नागिरीच्या खाडीकाठच्या मुस्लिम बाईची बोली त्यात असेल? सोलापूरच्या मोहल्ल्यातली दखनी मिसळलेली मराठी असेल? की उद्या यंत्रही आम्हाला म्हणेल, 'तुमची मराठी फार छान आहे'? जे पाठ्यपुस्तकात सुटले ते यंत्रातही सुटले, तर पुढच्या पिढ्यांना आमचे बोलणे चूक म्हणून दाखवले जाईल. आज आवाज नोंदवले नाहीत, तर उद्या भांडायलाही जागा राहणार नाही.

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात. पहिला आमच्या पुरोगामी मित्रांचा. ते म्हणतात, साहित्याला धर्म नसतो, मग 'मुस्लिम मराठी' असे वेगळे कशाला? आम्हालाही वेगळे राहण्याची हौस नाही. 'इंधन' ही मराठी कादंबरी आहे. हमीद दलवाईंच्या मतांशी आमच्यात सहमत असणारे आहेत, कडाडून असहमत असणारेही आहेत, पण 'इंधन' मराठी आहे यावर दुमत नाही. शाहीर अमर शेखांच्या डफावर संयुक्त महाराष्ट्र जागा झाला, तेव्हा त्यांना कुणी धर्म विचारला नाही. पण त्याच महाराष्ट्रात आज आमच्या नावावरून फाईल कुठल्या टेबलावर जायची ते ठरते. वेगळे आम्ही झालो नाही, आम्हाला वेगळे ठेवले गेले आहे. आधी फाईल एकत्र करा, मग विशेषणाचा विचार करू.

दुसरा आक्षेप आमच्याच घरातला आहे. आमचे काही बुजुर्ग म्हणतात, 'मराठीत लिहून काय मिळणार? आपली जबान उर्दू, आपली तहजीब उर्दू.' त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण त्यांना आम्ही इतिहासातली एक गोष्ट आठवून देऊ. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण उर्दूतून देण्यासाठी त्याआधीच भाषांतराचे खाते उघडले होते. विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकीची पुस्तके उर्दूत आली. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचा कारभार कित्येक वर्षे तेव्हाच्या औरंगाबादहून चालवला. देशी भाषेत विज्ञान शिकवता येते, हे त्या सरकारने पैसा खर्चून दाखवून दिले. पण त्याच राज्यात मराठवाड्याच्या शेतकऱ्याची मराठी मात्र दाराबाहेर उभी होती. १९४८ मध्ये ते राज्य गेले, आणि उस्मानियातली उर्दूही मागे पडली. राजाश्रयाचा हा स्वभाव आहे. तो एकाला मांडीवर घेतो, दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवतो, आणि गादी गेली की मांडीवरचेही खाली पडते. लोकांच्या बोलण्यात जी भाषा आहे, तिचेच शेवटी टिकते. आमच्या लोकांच्या बोलण्यात मराठी आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. सरकारचा पैसा घेतला की मिंधेपणा येतो, मग मागताच कशाला? याला उत्तर देणे सोपे नाही. १९७५ मध्ये आणीबाणीत कऱ्हाडचे संमेलन झाले. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, आणि अध्यक्षस्थानावरून दुर्गाबाई भागवत निर्भयपणे बोलल्या. त्याची किंमत त्यांनी पुढे तुरुंगात भोगली. २०२२ च्या डिसेंबरात शासनाने एका अनुवादित पुस्तकाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार काही दिवसांतच रद्द केला आणि निवड समितीच बरखास्त केली. तेव्हा काही साहित्यिकांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले. म्हणजे देणाऱ्याचा हात गळ्यापर्यंत येतो, हे खरेच आहे. पण शासनाचा पैसा हा शासनाच्या खिशातला नाही. काडेपेटी विकत घेणारी आमची विधवा बहीणही त्यात कर भरते. तो पैसा मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे, आणि तो घेणे म्हणजे जीभ गहाण ठेवणे नव्हे. मात्र हे खरे ठरायचे असेल तर पैसा मेहेरबानीने नव्हे, नियमाने मिळाला पाहिजे. नियम छापलेला असावा, निवड करणाऱ्यांची नावे उघड असावीत, नकाराचे कारण लेखी मिळावे. मेहेरबानीत मान झुकते, नियमात झुकावी लागत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या अशा आहेत. पहिली, मराठीसाठी असलेल्या प्रत्येक योजनेच्या नियमांत स्पष्ट लिहावे, की लेखकाचा धर्म पाहून अर्ज दुसऱ्या खात्याकडे पाठवला जाणार नाही. दुसरी, मुस्लिम मराठी संतकवींच्या उपलब्ध हस्तलिखितांची सूची करावी, त्यांची छायाचित्रे काढून सर्वांना पाहता येतील अशी ठेवावीत आणि चिकित्सक आवृत्त्या काढाव्यात. २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्राने 'ज्ञान भारतम' नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे काम जाहीर केले आहे. दर्गे, खानकाह आणि आमच्या घराघरांतल्या पेट्या त्यातून सुटू नयेत. तिसरी, राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी संशोधन व प्रशिक्षण संस्थेला मान्यता दिली आहे. तिचे काम स्पर्धा परीक्षांच्या वर्गांपुरते ठेवू नये. भाषा, साहित्य, इतिहास आणि मूलभूत विज्ञानासाठी तिथून अभ्यासवृत्त्या मिळाव्यात. चौथी, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने चालणाऱ्या गावोगावच्या ग्रंथालयांत आमची पुस्तके आणि आमच्या मोहल्ल्यांत ती ग्रंथालये पोचावीत. पाचवी, मराठी भाषेच्या तंत्रज्ञानासाठी जे आवाज आणि मजकूर गोळा होत आहेत, त्यांत आमच्या बोलीही नोंदवाव्यात.

या मागण्यांत वेगळे मंडळ नाही, वेगळी अकादमी नाही, आमच्यासाठी एखादी खुर्चीही नाही. हे आम्ही जाणूनबुजून केले आहे. कारण आमचा आम्हालाही अनुभव आहे. मंत्र्याबरोबर फोटो निघाला की आमच्यातला एखादा वर्षभर त्याच फोटोवर जगतो. समितीवर नाव आले की आमचा आवाज मऊ होतो. संमेलनात कोण कुठल्या ओळीत बसले यावरून आमची मने दुखावतात, पण माळ्यावरच्या दीडशे प्रती कुणी वाटायच्या, यावर बैठक होत नाही. लग्नात लाख रुपये उधळणारा आमचा समाज दोनशे रुपयांचे पुस्तक फुकट मागतो. शासनाला बोल लावताना हा आरसाही समोर ठेवला पाहिजे. ज्याचे स्वतःचे काही नसते, त्याला 'नाही' म्हणता येत नाही. वर्गणीतून निघालेले वार्षिक कितीही लहान असो, त्यात आपण काय छापावे हे कुणी सांगत नाही. ही लहानशी जागा आपण सांभाळली, तरच मोठ्या दारावर ताठ मानेने थाप मारता येईल.

त्या संग्रहातले आमचे एक कवी आता हयात नाहीत. त्यांच्या कवितांच्या दोन वह्या त्यांच्या मुलाने आमच्याकडे आणून दिल्या. त्यांतली मराठी वाचताना, ती कुठल्या कप्प्यात ठेवायची असा प्रश्न आम्हाला पडला नाही. यंदा ती आम्ही छापणार आहोत, वर्गणीतूनच. आणि छापल्यावर पहिली प्रत घेऊन पुन्हा त्याच कार्यालयात जाणार आहोत, अर्जासह. साहेब आता बदललेले असतील. ते चहा पाजतील तर घेऊ. पण या वेळी त्यांना पहिली कविता वाचून दाखवल्याशिवाय तिथून उठणार नाही.